उंच माणसासाठी हार्डटेल एमटीबी: हातातली एल घेऊ की एक्सएलसाठी थांबू?

सहाफूटचार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं इथले सायकलचे धागे नुसते वाचत आलोय, आज पहिल्यांदा स्वतः विचारतोय. जरा लांबण लागेल, पण माहिती अर्धवट दिली तर उत्तरंही अर्धवटच मिळतील.

उंची ६ फूट ४ इंच, म्हणजे १९३ सेंमी. वजन ९७ किलो, वय ४१. राहायला कोथरूडला. आठवड्यातून दोन-तीनदा वेताळ टेकडी, रविवारी जमलं तर सिंहगडाचा पायथा किंवा ताम्हिणीच्या बाजूला कुठेतरी. उड्या मारायच्या नाहीत, शर्यतीत उतरायचं नाही. दगडगोट्यांची पायवाट, मुरूम, सुटी खडी, एवढ्यावरून दोन-अडीच तास आनंदाने फिरता यावं इतकंच मागणं आहे.

पाच वर्षांपूर्वी पहिली एमटीबी (माउंटन बाइक) घेतली तेव्हा मला सायकलमधलं काही कळत नव्हतं. दुकानदार म्हणाला, "साहेब, सीट वर घेतली की झालं. तुमच्या उंचीला याहून मोठी येतच नाही." ती एल साइजची होती. मी सीट वर घेतली, मग आणखी वर घेतली. तेव्हापासून कंबर धरते, तळहाताला मुंग्या येतात, आणि वेताळाच्या देवळाकडच्या चढाला पुढचं चाक उचललं जातं. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय, सराव कमी पडतोय.

गेल्या महिन्यात सायकल पुसत होतो. सीटच्या क्लॅम्पखाली रंगात केसाएवढी रेघ दिसली. ओरखडा असेल म्हणून नखाने खरवडली, तर नख अडकलं. फ्रेमला तडा गेलाय.

आता नवी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन, मागे नाही) घ्यायची आहे, बजेट ५५ ते ६० हजार. दोन पर्याय समोर आहेत:

पहिला: एल साइज, एअर फोर्क (पुढच्या चाकाचं हवेवर चालणारं सस्पेन्शन), चांगले गिअर, हायड्रॉलिक ब्रेक. दुकानात तयार आहे, सवलतीत मिळतेय. दुकानदार म्हणतो, लांब स्टेम (हँडल धरून ठेवणारा पुढचा तुकडा) टाकून देतो, बसेल.

दुसरा: एक्सएल, पण त्याखालचं मॉडेल. स्प्रिंगचा फोर्क, गिअर साधे. मागवावी लागेल, सहा आठवडे तरी.

मन पहिल्याकडे ओढतंय, कारण पार्ट खरंच सरस आहेत. पण एकदा हात पोळलेत. काय करू?

---

पाना_पक्कड

सगळ्यात आधी: ती तडा गेलेली सायकल आजपासून बंद. भाजी आणायलासुद्धा नको. लोखंडी फ्रेम वाकून आधी कळवते तरी, ॲल्युमिनियम तसं करत नाही. ते एका क्षणी सुटतं आणि तेव्हा तुम्ही उतारावर असता. कोणी म्हणेल वेल्डिंग करून देतो, तर तेही करू नका. या फ्रेम वेल्ड केल्यावर भट्टीत तापवून कडक केलेल्या असतात. गल्लीतलं वेल्डिंग झालं की त्या जागेचा कडकपणा जातो आणि शेजारी नवा तडा येतो.

आता तडा का गेला ते सांगतो, म्हणजे तुमचं उत्तर तुम्हालाच मिळेल. तुमचा इनसीम किती? भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहा, पावलांत वीतभर अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये वर सरकवा, सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत. पुस्तकाची कड भिंतीला काटकोनात हवी. वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं माप घ्या. तीनदा घ्या, कारण पहिल्यांदा सगळेच कमी दाबतात.

---

सहाफूटचार

बायकोने टेप धरली. ९२.५, ९३, ९३. म्हणजे ९३ सेंमी धरू.

---

पाना_पक्कड

९३ ला ०.८८३ ने गुणा. साधारण ८२ सेंमी येतात. पायडलच्या मधल्या आसापासून (दोन्ही पायडलचे दांडे ज्याभोवती फिरतात तो आस) सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत एवढं अंतर तुम्हाला लागणार. हा आकडा दगडावरची रेघ नाही, सेंटिमीटरभर इकडेतिकडे होतं, पण सुरुवातीला पुरतो.

एल फ्रेमची सीट ट्यूब, म्हणजे सीटचा दांडा जिच्यात जातो ती नळी, साधारण ४८ सेंमी असते. सीट आणि तिच्या रुळांचे ५ सेंमी धरा. ८२ मधून ४८ आणि ५ वजा केले की २९ सेंमी पोस्ट (सीटचा दांडा) बाहेर. कंपनीकडून येणारी पोस्ट बहुतेक ३५० मिमीची, म्हणजे ३५ सेंमीची. मग फ्रेमच्या आत राहिले किती? ६ सेंमी. पोस्टवर कमीत कमी किती आत हवी याची रेघ कोरलेली असते आणि ती बऱ्याचदा १० सेंमीच्या आसपास असते. तुम्ही पाच वर्षं ९७ किलोचं वजन ६ सेंमीच्या आधारावर तोललंत. वरचा सगळा भाग पहारीसारखा काम करतो आणि सीट ट्यूबच्या तोंडाला उचकटत राहतो. तडा नेमका तिथेच जातो.

तुमची पोस्ट बाहेर काढून रेघ कुठे आहे ते बघा.

---

सहाफूटचार

आत्ताच काढून बघितली. रेघ फ्रेमच्या बाहेर साडेतीन सेंमी होती. पाच वर्षांत ही रेघ कशासाठी आहे हे मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

---

रोजचा_प्रवासी

थोडं वेगळं मत मांडतो. पुण्यातल्या माणसाला एमटीबी लागते कशाला? ऐंशी टक्के वेळ आपण डांबरावर असतो. मोठ्या साइजची हायब्रिड घ्या, हलकी असते, पळते छान. माझी उंची ६ फूट १ इंच, रोज २२ किमी हायब्रिडवर जातो, काही त्रास नाही.

---

सहाफूटचार

@रोजचा_प्रवासी, तुमचं म्हणणं रस्त्यासाठी अगदी मान्य. पण मला टेकडीच हवी आहे. ऑफिसला मी बसने जातो. सकाळी पावणेसहाला गिरिपुष्पाच्या झाडांमधून खाणीच्या कडेने जाताना मोर ओरडतात, ते दोन तास माझा आठवडा सावरतात. त्या वाटेवर बारीक टायर चालत नाही, मी मित्राची हायब्रिड नेऊन बघितली आहे.

---

रानवाटा

पाना_पक्कड यांनी उंचीचा हिशेब मांडला, मी लांबीचा मांडतो. उंच माणसाची फसगत बहुतेक वेळा इथेच होते. सीट वर करता येते म्हणून सायकल "बसली" असं वाटतं. पण सीट वर गेल्याने सायकल लांब होत नाही.

कुठल्याही कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या खाली मापांचा तक्ता असतो. त्यात दोन शब्द शोधा: रीच आणि स्टॅक. पायडलच्या मधल्या आसातून सरळ वर एक उभी रेघ काढली, तर त्या रेघेपासून हेड ट्यूबच्या (फ्रेमची हँडलखालची पुढची नळी) वरच्या तोंडापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच. त्याच आसापासून त्याच तोंडापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक. ही दोन मापं सीट कुठे आहे यावर अवलंबून नाहीत, म्हणून खोटं बोलत नाहीत. एल आणि एक्सएल ही नुसती अक्षरं आहेत. एका कंपनीची एल दुसरीच्या एक्सएलएवढी असू शकते.

पायडलवर उभं राहून उतार उतरताना तुमच्या शरीराला किती जागा आहे हे रीच सांगतो. बसून चालवताना किती जागा आहे हे सांगतं इफेक्टिव्ह टॉप ट्यूबचं माप, म्हणजे हेड ट्यूबपासून सीटच्या दांड्यापर्यंतचं आडवं अंतर. दोन्ही बघा. आजकालच्या ट्रेल प्रकारच्या हार्डटेलमध्ये एक्सएलचा रीच ४८० मिमीच्या आसपास किंवा त्याहून जास्त मिळतो. जुन्या धाटणीच्या, स्वस्त मॉडेलमध्ये तोच ४४०-४५० असतो. तुमच्या उंचीला ४५० म्हणजे गुडघा हँडलला लागणार.

आता पुढचं चाक का उचललं जातं? सीट ट्यूब उभी नसते, साधारण ७३ अंशांत मागे कललेली असते. सीट जेवढी वर, तेवढी मागे. दर १० सेंमीला जवळजवळ ३ सेंमी. तुमच्या ८२ सेंमीला सीट आसाच्या २४ सेंमी मागे जाते. मध्यम उंचीच्या माणसाची ७० सेंमीला फक्त साडेवीस. म्हणजे चढावर तुम्ही मागच्या चाकाच्या डोक्यावर बसलेले असता आणि पुढे वजनच उरत नाही. तुमचा सराव कमी नव्हता, सायकल आखूड होती. सीट ट्यूबचा कोन ७४-७५ अंश असलेली फ्रेम मिळाली तर चढावर फरक लगेच कळेल.

दुकानदार म्हणतो तो लांब स्टेम हा जुना उपाय. ११० मिमीचा स्टेम लावला की हात पुढे जातील, बसून चालवताना बरंही वाटेल. पण उतारावर छाती पुढच्या चाकाच्या वर येते आणि हँडल वळायला सुस्त होतं. फ्रेम लांब आणि स्टेम आखूड, ५०-६० मिमीचा, हेच टेकडीवर सुखाचं.

थोडक्यात, एल नको. कितीही चांगले पार्ट असोत.

---

गोदाकाठ

अनुमोदन. मी नाशिकचा, १८८ सेंमी, वजन १०४ किलो. पांडवलेणी आणि रामशेजच्या बाजूला फिरतो. गिअर, ब्रेक, टायर सगळं नंतर बदलता येतं. फ्रेमची साइज बदलता येत नाही.

वजनदार माणसाने फोर्ककडे मात्र नीट बघावं. स्प्रिंगवाला फोर्क मध्यम वजनाच्या माणसाला धरून बनवलेला असतो. आपण नुसतं बसलो तरी तो अर्धा दबतो. वरची निळी-लाल चकती फिरवून तो कडक होतो असं दुकानात सांगतात. ते खरं नाही. चकतीने स्प्रिंग थोडी आधीच दाबली जाते, तिचा जोर वाढत नाही. एअर फोर्कमध्ये हवा भरून आपल्या वजनाला जुळवता येतं. त्यासाठी वेगळा शॉक पंप लागतो, टायरचा पंप चालत नाही. मी पहिल्याच दिवशी घेतला, आजवरचा सर्वात कामाला आलेला खर्च.

हवा किती भरायची? फोर्कच्या नळीवर रबरी रिंग असते, नसेल तर बारीक झिपटाय बांधा. पूर्ण कपडे, हेल्मेट, पाण्याची पिशवी घेऊन सायकलवर चढा. ती रिंग खाली सरकवा, हलकेच उतरा. १०० मिमीच्या फोर्कवर रिंग २० ते २५ मिमी वर सरकलेली दिसली की हवा बरोबर.

दुसरं, मागचं चाक. ३२ स्पोकचं घ्या. माझ्या पहिल्या सायकलला २८ होते, दर महिन्याला आउट काढायला न्यायचो. एकदा त्र्यंबकच्या रस्त्याला एकापाठोपाठ दोन स्पोक गेले आणि चाक ब्रेकला घासत घासत घरी आलो.

---

निलगिरी

मी बाई आहे आणि माझी उंची ५ फूट ११ इंच. साइजचा हा त्रास मला दुहेरी. दुकानात शिरलं की आधी "लेडीज मॉडेल"कडे नेतात. तिथली सगळ्यात मोठीसुद्धा मला लहान पडते. मग एल मागितली की "मॅडम, जड पडेल". मला जड पडत नाही, मला लहान पडते!

शेवटी मी घरून मापं लिहून नेली: इनसीम, सीटची उंची, हवा असलेला रीच. कागद पुढे केला की बोलणं बदलतं. तुम्हीही असंच करा. आणि दुकानातल्या फरशीवर चक्कर मारून ठरवू नका. सीट तुमच्या ८२ सेंमीला लावून मागा, पोस्ट आखूड असेल तर लांब पोस्ट टाकून मागा, आणि निदान पंधरा मिनिटं बाहेर चालवा. बसून, उभं राहून, अगदी हळू जाऊन गोल वळण घेऊन. वळताना गुडघा हँडलला लागला की ती सायकल तुमची नाही.

---

अस्थिबंध

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुंग्या आणि कंबरदुखीबद्दल लिहिते, कारण उंच सायकलस्वार माझ्याकडे याच दोन तक्रारी घेऊन येतात.

सीट ८२ सेंमीला आणि हँडल त्याच्या दहा-बारा सेंमी खाली असलं की धडाचं वजन तळहातावर येतं. मनगट मागे मुडपतं, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाकडे जाणारी नस दाबली जाते. हातमोजे जाड केले तरी फारसा उपयोग होत नाही, हँडल वर यावं लागतं. म्हणून रानवाटांनी सांगितलेल्या दोन मापांपैकी स्टॅक तुमच्यासाठी तितकाच मोलाचा आहे. सुरुवातीला हँडल सीटच्या बरोबरीने किंवा दोन-तीन सेंमी खाली ठेवा. शरीराला सवय झाली की हळूहळू उतरवता येतं.

दुकानात एक गोष्ट बजावून सांगा: फोर्कची वरची नळी कापायची नाही. तिच्यावर चकत्या घालून हँडल वर ठेवता येतं. एकदा कापली की तो पर्याय संपला. त्यावर ३०-४० मिमी उंचावलेलं रायझर हँडल घेतलंत की आणखी थोडं वर येईल.

क्रँक (पायडलचा दांडा) १७५ मिमीचा असेल तर उत्तम, मोठ्या साइजला बहुधा तोच येतो. १७० असला तरी त्यासाठी सायकल नाकारू नका.

---

खाडीपलीकडे

कॅलिफोर्नियातून लिहितोय. ज्या मरिन काउंटीत माउंटन बाइकचा जन्म झाला ती माझ्या घरापासून तासाभरावर आहे. १९७६ मध्ये फेअरफॅक्सजवळच्या डोंगरउतारावर रीपॅक नावाची शर्यत सुरू झाली. जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन मंडळी वरून खाली सुटायची. मागच्या ब्रेकमधलं ग्रीस उष्णतेने जळून जायचं आणि दर फेरीनंतर हब पुन्हा ग्रीसने भरावा लागायचा, त्यावरून ते नाव पडलं.

हे सांगायचं कारण, त्या सायकली २६ इंची चाकाच्या होत्या आणि पुढची पंचवीस वर्षं सगळं जग २६ वरच अडकून राहिलं. उंच माणसं त्यावर खेळण्यावर बसल्यासारखी दिसायची. २९ इंची चाकासाठी खरं रुंद टायर १९९९ मध्ये डब्ल्यूटीबी या कंपनीने काढलं, आणि पुढच्या काही वर्षांत गॅरी फिशर या रीपॅकच्या काळातल्या जुन्या गड्याने आपल्या नावाच्या सायकलींमधून २९ लावून धरलं. ते आधी उचललं ते उंच लोकांनीच. २९ इंची रिम म्हणजे रोड सायकलची ७०० सी रिमच, दोन्हीचा व्यास ६२२ मिमी. मोठ्या फ्रेममध्ये ते चाक प्रमाणात बसतं, तुम्ही चाकांच्या वर नाही तर मध्ये बसल्यासारखे वाटता, आणि दगडावरून ते सहज लोळत जातं.

लंडन ऑलिंपिकची, २०१२ ची क्रॉसकंट्री शर्यत आठवते का? यारोस्लाव्ह कुल्हावी हा चांगला उंच गडी २९ वर जिंकला. त्याच्या मागे सेकंदभराने निनो शुर्टर, तो बुटका, आणि तो २७.५ वर. तिसरा आलेल्या फोंतानाची तर शेवटच्या फेरीत सीट पोस्टसकट निघून गेली आणि त्याने उभ्यानेच शर्यत पुरी केली. सीट पोस्टचा विषय निघालाच आहे म्हणून सांगितलं.

तुमच्या उंचीला २९ शिवाय दुसरं बघूच नका.

---

पाना_पक्कड

खाडीपलीकडे यांच्या चाकाच्या मुद्द्याला जोडून: आपल्याकडे "२६ची सायकल", "२९ची सायकल" म्हणतात तेव्हा ते चाकाचं माप असतं, फ्रेमचं नाही. २९ची घेतली म्हणजे मोठी घेतली असं समजून लोक एम साइज घेऊन जातात. मॉडेलच्या नावातही कधी कधी चाक लपलेलं असतं: मेरिडाची बिग नाइन म्हणजे २९, बिग सेव्हन म्हणजे २७.५. स्कॉट ॲस्पेक्टमध्ये नऊशेच्या आकड्यांना २९ आणि सातशेच्या आकड्यांना २७.५. ट्रेक मार्लिनला लहान साइजला लहान चाक आणि मोठ्या साइजला २९ येतं. मार्लिन डबल एक्सएलपर्यंत बनते, पण आपल्याकडच्या दुकानात ती उभी दिसणं अवघड, मागवावी लागते.

माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. काळ्या उभ्या सायकलींच्या जमान्यात गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न असायचा, "बावीस की चोवीस?" चाक सगळ्यांना २८चंच, पण फ्रेम दोन मापांत यायची. उंच माणूस दिसला की वडील न विचारता चोवीसची काढायचे, दोन्ही पायांत दांडी घेऊन उभं राहायला लावायचे, मगच पैशाचं बोलणं. आता गिअर किती, डिस्क आहे का, हे आधी विचारतात आणि माप शेवटी.

---

सहाफूटचार

पाना_पक्कड, अंगावर काटा आला. माझ्या आजोबांची चोवीस इंची होती! तेही सव्वासहा फुटांचे. ती सायकल गावी माळ्यावर आहे. मी पंधराव्या वर्षी त्यावर बसायचो आणि मला कधीच आखूड वाटली नाही.

एल रद्द. दुकानात फोन करून सांगितलं. आता एक्सएल शोधतोय.

---

रानवाटा

उत्तम. आता थोडी युक्ती. एक्सएलला गिऱ्हाईक कमी असतं, म्हणून दुकानं ती कमी मागवतात. पण जी मागवलेली असते ती पुष्कळदा विकली न जाता उभी राहते. मागच्या वर्षाच्या मॉडेलची एक्सएल कुठल्या तरी शहरातल्या कोपऱ्यात नक्की असेल. पुण्यावर थांबू नका. मुंबई, नाशिक, कोल्हापूर, बंगळूरु, सगळीकडे फोन करा आणि थेट विचारा: "जुन्या स्टॉकमध्ये २९ची एक्सएल आहे का?" तुमच्या दोन पर्यायांमध्ये हा तिसरा दडलेला असू शकतो, मोठी फ्रेम आणि एअर फोर्क एकत्र.

तो मिळाला नाही तर दुसरा पर्याय घ्या, पण आधी हेड ट्यूब बघून. खाली रुंद होत जाणारी, म्हणजे टेपर्ड असेल तर पुढे चांगला फोर्क बसवायला भरपूर पर्याय राहतील. सरळ नळीची असेल तर नवे चांगले फोर्क त्यात सहसा बसत नाहीत.

---

जांभा

रत्नागिरीहून. वर सगळं आलंच आहे, मी फक्त टायर आणि हँडलचं बोलतो.

नव्वदच्या वर वजन आणि हार्डटेल म्हणजे मागचं टायर सगळा मार खातं. ट्यूब असेल तर हवा फार कमी ठेवू नका, दगडावर रिम आणि ट्यूब चिमटून दोन भोकं पडतात. ट्यूबलेस करून घ्या. आमच्याकडे जांभ्याचा कातळ टायर कापतो, तुमच्याकडे टेकडीवर बाभळीचे काटे असतील. आतलं सीलंट बारीक काट्याचं भोक चालता चालता बुजवतं. फक्त ते सुकतं, म्हणून दोन-चार महिन्यांनी बघत राहा.

हँडल ७८० मिमीचं आलं म्हणून लगेच कापू नका. तुमचे खांदे रुंद असतील, तुम्हाला ते सोसेल. मी वाडीतल्या दोन गडग्यांच्या मधल्या पाणंदीतून जातो, तिथे बोटं सोलून निघायची म्हणून ७४० केलं.

आणि पुढची डिस्क १६०ची असेल तर फोर्कला चालत असल्यास १८०ची करा. तुमच्या वजनाला उतारावर एका बोटाचा ब्रेक पुरला पाहिजे.

---

सहाफूटचार

मंडळी, पाच आठवड्यांनी धाग्यावर परत आलोय.

सतरा दुकानांना फोन केले. बहुतेकांनी "एल चालेल" असंच सांगितलं. अकराव्या फोनला दुसऱ्या शहरातल्या एका दुकानदाराने माझी उंची विचारली, इनसीम विचारला, "थांबा, टेप घेऊन येतो" म्हणाला आणि फोन चालू ठेवून सायकल मोजून आला. जुन्या स्टॉकमधली एक्सएल, एअर फोर्क, २९. तरीही उरलेले सहा फोन केले, खात्रीसाठी. मग शनिवारी पहाटेच्या गाडीने गेलो. त्याने सीट ८२ला लावून ठेवली होती, ४०० मिमीची पोस्ट टाकून. अर्धा तास चालवली.

मॉडेलचं नाव काहीजण विचारतील. त्याची ती शेवटची होती, त्यामुळे नावापेक्षा मापं उपयोगी पडतील. सीट ट्यूब ५२, म्हणजे पोस्ट २५ सेंमी बाहेर आणि १५ सेंमी आत. रीच ४८०. स्टेम ६०. मागे ३२ स्पोक. हेड ट्यूब टेपर्ड. फोर्कची नळी कापू दिली नाही, खाली तीन चकत्या आहेत. सगळं मिळून ५८ हजारांत बसलं, शॉक पंपासकट.

परवा टेकडीवर नेली. वेताळाच्या देवळाकडचा तो चढ, जिथे मी दर वेळी उतरून ढकलायचो. पुढचं चाक जमिनीला धरून राहिलं. मध्ये एक आडवा दगड आहे, त्यावरून मागचं चाक थोडं घसरलं आणि पुन्हा धरलं. वर पोचल्यावर मी सायकल कठड्याला लावली आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. पाच वर्षं मी स्वतःला दोष देत होतो.

हाताला अजून थोड्या मुंग्या येतात, पण तासाभराने, पूर्वीसारख्या वीस मिनिटांत नाही. अस्थिबंध, पुढच्या आठवड्यात ४० मिमीचं रायझर हँडल टाकतोय.

---

अस्थिबंध

फार बरं वाटलं वाचून. हँडल बदललंत की त्याचा कोनही बघा, मनगट सरळ रेषेत हवं. ब्रेकचे लिव्हर थोडे खाली वळवा.

---

गोदाकाठ

अभिनंदन! महिन्याभराने एकदा चाकांचे स्पोक तपासून घ्या. नवी चाकं सुरुवातीला थोडी सैलावतात, आपल्या वजनाला तर नक्कीच.

---

शाळासोबती

धागा शेवटपर्यंत वाचला. माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, आत्ताच ६ फूट १ इंच. दहावी झाल्यावर सायकल घेऊन देईन असं कबूल केलं होतं. तो अजून वाढतोय, मग एल घेऊ की थेट एक्सएल? त्याला टेकडीवर जायचं वेड आहे. आम्ही पाषाणला राहतो.

---

पाना_पक्कड

आधी इनसीम मोजा. आणि त्याच्या बुटांचा नंबर गेल्या वर्षभरात वाढला का ते सांगा. पाऊल थांबलं असेल तर उंचीही बहुतेक थांबत आली. वाढायचंच असेल तरी दोन वर्षांनी बसेल अशी सायकल आज देऊ नका, आज ताब्यात राहील अशी द्या. दोन साइजच्या सीमेवर असेल तर लांब रीचची एल बघा, सीट पोस्टचा हिशेब वर दिलाय तसा करून.

---

सहाफूटचार

@शाळासोबती, रविवारी सकाळी साडेसहाला मी तुमच्या पाषाणकडच्या पंचवटीच्या बाजूने टेकडीवर चढतो. मुलाला घेऊन या. माझी एक्सएल त्याच्या मापाला लावून देतो, चालवून बघू दे. लांब वाटली तर लगेच कळेल. टेप, एलन की आणि जाड पुस्तक मी आणतो.